झोंबी होणाऱ्या पोरांना वाचनालयाची खोली परत द्या

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ‘वाचनालयात भुताटकी’ असं एक वाचकपत्र आलं, त्याच्यावरून आमच्या अंबाजोगाईत बरीच चर्चा झाली आणि लगेच वाचनालयाच्या वरच्या खोलीला कुलूप लागलं, म्हणून हे लिहायलोय. पत्र लांबलंय. काटछाट करायची तर करा, पण मधला कारखान्याचा भाग तेवढा ठेवा.

पत्र लिहिणाऱ्या सद्गृहस्थांचं म्हणणं असं, की कॉलेजची काही पोरंपोरी रविवारी दुपारी त्या खोलीत बसून मेलेल्या माणसाचं सोंग घेतात, घशातून आवाज काढतात, फासे टाकतात म्हणजे जुगारच झाला, आणि हे सगळं जादूटोणा कायद्यात बसतंय तर पोलिसांनी लक्ष घालावं. आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि ही पोरं त्यांची कागदं माझ्याकडंच काढतात. पहिल्यांदा मला वाटलं कुठल्या तरी भरतीचे फॉर्म आहेत, कारण चौकोन, आकडे, ताकद, चपळाई, बुद्धी असले रकाने होते. विचारलं तर म्हणाली काका गेम आहे, या रविवारी. गेलो. तवापासून दुकान बंद असलं की मी पण जाऊन बसतो, त्यामुळं मी काही ऐकीव सांगत नाही.

ह्या खेळाला रोलप्लेइंग गेम म्हणतात. ह्यातला सगळ्यात नावाजलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन माणसांनी बनवला आणि १९७४ साली बाजारात आणला. पोरं त्याला नुसतं डीएनडी म्हणतात. एक जण मास्टर असतो, तो गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करणार ते सांगतात, जमलं का नाही ते फासा ठरवतो. फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असतात. आमच्या पोरांकडं सुरुवातीला फासेच नव्हते तर स्टीलच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढायची, नंतर वर्गणी काढून ऑनलाइन मागवले. खेळताना पैसा कुठंच लावत नाहीत. जिंकणं-हरणं पण तसं नाहीच, गोष्ट पुढं गेली की झालं. ह्याच्यात जुगार कुठून आला ते मला समजलेलं नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर २०१३ चा तो कायदा सद्गृहस्थांनी वाचलेला दिसत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्याच्यासाठी किती वर्षं घासली आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो कुठं आला हे सगळ्यांना ठाऊक आहे. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, अंगात शक्ती आहे म्हणून लोकांना फसवणं, भीती घालणं, त्याच्यासाठी आहे तो. चार पोरं टेबलाभोवती बसून ‘समजा मी मेलोय’ म्हणायलेत ह्याच्यासाठी नाही. उलट ह्या पोरांना भूत कागदावर किती आकड्यांचं असतं हे पाठ आहे, त्यांच्या अंगात काय यायचंय!

आता मुद्द्याचं. झोंबी, म्हणजे मेल्यावर उठून चालणारं प्रेत.

डीएनडीत झोंबी म्हणजे सगळ्यात फालतू शत्रू. नवीन खेळाडूंना हात साफ करायला देतात तसला. २०१४ च्या नियमपुस्तकात त्याचे आकडे बघा, जीव (म्हणजे किती मार सोसतो ते) २२, बुद्धी ३ (साध्या माणसाची १० धरतात), चाल माणसापेक्षा कमी, म्हणजे माणूस तीस फूट जातो तेवढ्या वेळात हा वीस. जिवंतपणी येत असलेली भाषा समजते पण बोलता येत नाही. विष चढत नाही. आणि एकच गोष्ट भारी, मार खाऊन जीव शून्यावर आला तरी लगेच मरत नाही, वीसचा फासा टाकायचा, त्यात ३ मिळवायचे, आणि बेरीज ५ अधिक शेवटच्या फटक्याचा आकडा एवढी झाली तर एक जीव घेऊन परत उभा. आठचा फटका बसला तर तेरा पाहिजेत, म्हणजे फाशावर दहा किंवा वर, म्हणजे वीसपैकी अकरा वेळा गडी उठणार. पंधराचा फटका बसला तर वीसपैकी चारच वेळा. पूर्ण वर्मी बसला, म्हणजे मारणाऱ्याच्या फाशावर वीसच आला, तर मग फासा नाही का काही नाही, संपलं. हे मी तोंडपाठ सांगायलोय कारण ह्याच्यावरून खोलीत इतकी भांडणं झालीत. सीईटीची प्रॉबॅबिलिटी ज्या पोराला क्लासमध्ये जमत नव्हती तो इथं तोंडी सांगतो, पण ते जाऊ द्या, मला खेळ अभ्यासाला चांगला असली वकिली करायची नाही. खेळ खेळ म्हणून चांगला असला तरी बास झालं.

तर आमच्या पोरांनी काय केलं की झोंबीला मारायचं सोडून आपणच झोंबी व्हायचं ठरवलं. आधी वेताळ करून बघितला होता. पण वेताळ पडला हुशार, बोलका, कोडी घालणारा, त्याला खेळायला काही अवघड नाही, ज्याच्या तोंडात बोलणं आहे तो खेळतोच. झोंबीचं तसं नाही. तुम्ही स्वतः बीएस्सीला, डोकं चालतंय, समोर दार दिसतंय, दाराला कडी आहे, आणि तुमच्या पात्राची बुद्धी ३. कडी उघडायची असते हे तुम्हाला माहिती आहे, त्याला नाही. मग करायचं काय? म्हणून मास्टरनं (बीएस्सी सेकंड इयरची पोरगी आहे, आवाज बदलून बोलण्यात लई तयार) दोन नियम घरचे काढले. एक, खेळताना झोंबीवाल्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, खाणाखुणा आणि घशातला आवाज एवढंच. सद्गृहस्थांनी खालून ऐकला तो आवाज हाच. दुसरा, प्रत्येकानं चिठ्ठीवर जिवंतपणीचा धंदा आणि एक आठवण लिहायची, आणि त्या आठवणीतलं जे हातवळणी आहे तेवढंच झोंबीला करता येणार, ते पण फासा चांगला पडला तर.

एका पोरीनं तलाठी लिहिला, त्याला मेल्यावर पण शिक्का सापडेना म्हणून तो सगळीकडं शिक्का हुडकत फिरतो. एकानं एसटीचा कंडक्टर लिहिला, दिसेल त्याच्या खांद्याला हात लावून पुढं सरका पुढं सरका करणारा. हसून पुरेवाट. आणि धारूरकडचा एक पोरगा आहे, आईबाप दरवर्षी दसरा झाला की कारखान्याला जातात, हा आजीपाशी राहून शिकला, त्यानं धंदा लिहिला ऊसतोड आणि आठवणीच्या जागी लिहिलं ‘उचल फिटायची बाकी’. मास्टर म्हणाली आठवण लिही रे, हिशेब कामून लिहितो. तो म्हणाला हीच आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, तसं मराठवाड्यात कोणाला माहिती नसंल? मुकादम हंगामाच्या आधी नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो ती उचल. मग सहा महिने फडात तोडून ती फेडायची. आजारी पडलं, खाडा झाला तर तो पण अंगावर लागतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जायचं.

त्या रविवारचा खेळ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका काल्पनिक कारखान्याच्या हद्दीत होता. मास्टरचा बेत साधा होता, झोंबी उठणार, वस्तीवर चालून जाणार, गावकरी पेटते टेंभे घेऊन येणार, मारामारी. ती म्हणाली, रात्रीचे तीन, दव पडलंय, उसाचा फड, बांधाला मुकादमाची मोटारसायकल, मुकादम हातात बॅटरी घेऊन उभा. काय करता? तलाठी आणि कंडक्टर उठले, हात पुढं करून मुकादमाच्या अंगावर. धारूरचा पोरगा खाली बसला. डाव्या हातानं हवेतच काहीतरी धरलं, उजवा हात पार जमिनीलगत नेऊन मारला, मग उभं राहून शेंड्याला एक, आणि ते मागं टाकलं. परत खाली. कंडक्टरला वाटलं हा पण हल्लाच करायलाय पण नेम चुकला. मास्टर शेतकऱ्याच्या घरची, तिला कळलं, ती म्हणाली तोडायलास का, कोयता हातात आहे का बघू, टाक फासा. पडले चार. कोयता नाही. तर हा हातानंच ऊस उपटायला लागला.

बुडख्याला किती खालून कापतोय हे मी बघत होतो. कारखाना वर थोटूक ठेवू देत नाही, साखर बुडात असते. ते हात आईबापाच्या हाताकडं बघूनच शिकलेले असणार.

इथं मास्टरनं जे केलं त्याला मी मानलं. मुकादम पळाला नाही. तिनं मुकादमाच्या आवाजात विचारलं, ‘ए, तू कुणाच्या टोळीतला रे?’ उत्तर नाही. मुकादमानं बॅटरी मारून वरखाली बघितलं आणि म्हणाला, ‘भाकरी मागत नाही, दवाखाना मागत नाही, खाडा नाही, राहायला कोपी नको. अजून कितीजण हायती असले?’ सगळी खोली हसून हसून लोळायला आली, मी पण. आणि मग त्या हसण्यातच गेम पालटला, कारण मुकादमानं तलाठ्याला पण धरलं आणि कंडक्टरला पण, आणि पुढचा सगळा वेळ पोरं मारामारी सोडून ऊस तोडत बसली, मोळ्या बांधत, ट्रॉली भरत. फडात बिबट्या आला, हुंगून निघून गेला, त्याला पण मेलेलं नको. सुटायचं कसं ते काही कुणाला सुचेना, बुद्धी ३ ना. संध्याकाळ झाली, तिथंच थांबवलं.

मला ते डोक्यातून जाईना. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मोबाईलवर वाचत बसलो की हा झोंबी आला कुठून. आपल्याला वाटतं इंग्रजी पिक्चरातून. तर माणसं खाणारा, थवेच्या थवे चालून येणारा झोंबी पिक्चरातलाच, १९६८ च्या एका अमेरिकन सिनेमानं तो रुजवला, आणि गंमत म्हणजे त्या सिनेमात झोंबी हा शब्दच नाही. खरा झोंबी कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातला. हैती म्हणजे पूर्वीची फ्रेंचांची सँ-दोमँग नावाची वसाहत, आणि तिथं काय पिकायचं? ऊस. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं त्या उसाच्या मळ्यात मरेपर्यंत राबवायची, मेली की दुसरी आणायची. १७९१ ला त्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ ला स्वतःचा देश केला. तर त्या लोकांची सगळ्यात मोठी भीती झोंबी आपल्याला चावेल ही नव्हतीच, आपण झोंबी होऊ ही होती. म्हणजे मरून पण सुटका नाही, कोणीतरी मांत्रिक थडग्यातून उठवणार आणि परत मळ्यात उभं करणार.

बघा साहेब, आपल्या भुतांची गोष्ट वेगळी. आपल्याकडं माणूस इच्छा राहिली म्हणून मागं राहतो. दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा नातेवाईक पिंडापाशी उभं राहून बोलतात, पोरीचं लग्न करतो, वावर विकणार नाही, की मग कावळा शिवतो. भुताला स्वतःचं काहीतरी मागायचं असतं. झोंबीला मागायचं काही नसतं, त्याला मालक असतो. आणि धारूरच्या त्या पोरानं हैतीचं नाव पण ऐकलेलं नव्हतं, त्यानं आपल्या चिठ्ठीवर बरोबर तेच लिहिलं.

अजून एक सापडलं. १९२९ साली एका अमेरिकन प्रवाशानं हैतीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा अमेरिकेनं तो देश ताब्यात ठेवलेला होता (१९१५ ते १९३४), तिथं अमेरिकन साखर कंपनीचे मोठे मळे होते. त्याला तिथल्या माणसानं सांगितलेली गोष्ट अशी की एक जण झोंबींची टोळी घेऊन कंपनीच्या उसात कामाला आला, टोळीची मजुरी स्वतःच घ्यायचा. त्याच्या बायकोला त्यांची दया आली, तिनं जत्रेत त्यांना गोड वड्या दिल्या, त्या वड्यांत मीठ होतं हे तिला ठाऊक नव्हतं. मीठ पोटात गेलं आणि झोंबींना कळलं आपण मेलोय, ती सगळी आपापल्या गावाला, आपापल्या थडग्याकडं चालत निघाली. हैतीत तशी समजूतच आहे, झोंबीला मीठ द्यायचं नाही, दिलं तर शुद्धीवर येतो. गोष्ट खरी-खोटी मला विचारू नका, पण मुकादम, टोळी, उचललेली मजुरी सगळं जसंच्या तसं, मी दुकानात एकटाच बसून हसायलो.

पुढच्या रविवारी पोरांना सांगितलं. कंडक्टर लगेच म्हणाला मग काय, मीठ खातो, सुटलो. मास्टर म्हणाली तुला माहिती आहे, तुझ्या झोंबीला माहिती आहे का? इथून जे सुरू झालं ते मी आजवर बघितलेल्या कुठल्या पण नाटकापेक्षा चांगलं होतं. कारण खेळाची खरी मेख हीच आहे, स्वतःला जे कळतं ते पात्राला कळत नाही असं धरून प्रामाणिकपणे चालायचं. मीठ समोर ठेवलंय आणि जायचं नाही. कोपीतली एक म्हातारी दया येऊन भाकरी-ठेचा घेऊन आली तर धारूरच्या पोरानं घेतला नाही, म्हणाला झोंबीला भूकच नाही, कामून घेईल? मुकादम येऊन झोंबींना म्हणायला लागला, ‘खाल्ल्या मिठाला जागा रे’, मास्टरच्या तोंडून ते सहज गेलं आणि तिलाच एवढं हसू आलं की खेळ थांबला.

शेवटी कंडक्टरनं चिठ्ठी काढली. त्याची आठवण होती स्टँडवर गाडी लागली की खारे शेंगदाण्याची पुडी घ्यायची, निम्मी ड्रायव्हरला. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरचं हेडलाइट बघून त्याच्या झोंबीला वाटलं स्टँड आला. फासा टाकला, सतरा. तो ट्रॅक्टरवाल्याच्या पुडीतून शेंगदाणे घेऊन खायला लागला आणि सवयीनं निम्मे शेजारच्याच्या हातावर ठेवले, शेजारचा म्हणजे धारूरवाला. त्यानं हात तोंडाकडं नेला. मास्टर म्हणाली, तुला शुद्ध आलीय. आता बोलता येतं. मुकादम समोर आहे. बोल.

तो म्हणाला, ‘हिशेब दाखवा.’

मग त्या काल्पनिक मुकादमाची वही उघडली आणि दोन तास ती वहीच चालली साहेब, उचल किती, टन किती, खाडे किती, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकले त्याचे पैसे कुठं गेले. तलाठ्याचा शिक्का पण तिथंच सापडला, वहीखाली.

ह्याला भुताटकी म्हणायचं असेल तर मग पैठणच्या एकनाथ महाराजांना पण म्हणा. सोळाव्या शतकात त्यांनी भारुडं लिहिली त्याच्यात जोशी आहे, वासुदेव आहे, गोंधळी आहे, मुका आहे, बहिरा आहे, आणि भूत लागलेली बाई पण आहे, दुसऱ्याचं सोंग आतून घ्यायचं आणि बोलायचं आपल्याला जे बोलायचंय ते. आपल्या भागाला हे नवीन नाही. अमेरिकेत पण १९८० च्या दशकात असाच गलका झाला होता, हा खेळ सैतानाचा आहे, पोरं बिघडायलीत, टीव्हीवर कार्यक्रम, संघटना, सगळं. खेळ पन्नास वर्षं होऊन गेली तरी चालूच आहे.

आता सद्गृहस्थांचं जे बरोबर आहे ते पण सांगतो, उगं एकतर्फी नको. एकदा तिसरीतलं एक लेकरू मोठ्या भावाबरोबर येऊन बसलं होतं, रात्री घाबरून उठलं, त्याच्या आईनं येऊन झाडलं ते बरोबरच होतं. त्याच्यानंतर नववीच्या खालच्यांना बसू देत नाहीत. शिवाय टेबलाच्या मधोमध एक कार्ड असतं, माझ्या दुकानातल्या जाड कागदाच्या तुकड्यावर स्केचपेननं फुली मारलेली. बाहेरच्या देशात पण हे खेळणारे असं कार्ड वापरतात. कुणाला एखादी गोष्ट सहन होईना तर कार्डाला बोट लावायचं, कारण विचारायचं नाही, तेवढं सोडून पुढं जायचं. तलाठी झालेल्या पोरीचे आजोबा वारलेले होते, स्मशानाचं वर्णन सुरू झालं तसं तिनं बोट लावलं. मास्टर वाक्य अर्धवट सोडून म्हणाली बरं, तुम्ही सगळे उसाच्या फडात उठता. कारखान्याची ती सगळी गोष्ट तिथून निघाली बघा. एवढं सांभाळून घेणारी माणसं मी लग्नाच्या बैठकीत पण बघितली नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर खालची अभ्यासिका रविवारी एक वाजता बंद होते, पोरं तीनला येतात. एमपीएससीवाल्यांचा अभ्यास बुडतो हे पत्रातलं म्हणणं म्हणूनच मला काही पटलं नाही. खुर्च्या ओढल्याचा आवाज होतो, खुर्च्यांना रबरी बूच बसवून देतो, माझ्या खर्चानं.

पोरं आता कुठं बसतात माहिती आहे का? एकाच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात, लाइट गेली की फासा दिसत नाही. परवा मास्टर म्हणाली काका बंदच करू, परीक्षा पण आल्यात. धारूरच्या पोराचे आईबाप पट्टा पडून गावाला आलेत, त्याच्या बापाला खेळ बघायचाय असं पोरगं म्हणत होतं, पण गच्चीवर बोलवायची त्याला लाज वाटायलीय.

तर वाचनालयाच्या मंडळींना विनंती आहे, रविवारी तीन ते सहा खोली द्या. भाडं ठरवा, वर्गणी काढून देतील, कमी पडलं तर मी आहे. लेखी पाहिजे असेल तर नियम टाइप करून आणतो, नववीच्या खालचं कोणी नाही, सहाला बंद, झाडून जाणार. आणि त्या सद्गृहस्थांना सांगणं आहे की पोलीस बोलवायच्या आधी एकदा स्वतः येऊन बसा. पुढच्या गोष्टीत मुकादमाच्या बाजूनं बोलणारा एक वजनदार माणूस मास्टरला पाहिजेच आहे, पोरांपैकी कुणी तो व्हायला तयार नाही. तुमचं पत्र वाचून मला वाटलं तुम्हाला ते चांगलं जमेल, हे वाईट अर्थानं नाही म्हणत, जोरकस लिहिता तुम्ही.

खोलीची चावी कुणाकडं आहे ते मला कुणीच नीट सांगत नाही. शिपाई म्हणतो सचिवांकडं, सचिव म्हणतात अध्यक्ष बाहेरगावी आहेत. कुणाकडं का असेना, दुकानाला निरोप द्या, मी येऊन घेऊन जातो.

आपला,
एक झेरॉक्सवाला
अंबाजोगाई, जि. बीड